तेहतिसावा दिवस : एका ठाण्यातल्या मारहाणीच्या चौकशीचं प्रकरण

त्या ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण तीस दिवस टिकतं. ते जपून ठेवा, असं सांगणारं आमचं पत्र अधीक्षक कार्यालयात तिसऱ्या दिवशी पोचलं होतं. चौकशी अधिकाऱ्यांनी ते चित्रीकरण ठाण्याकडे मागितलं तेहतिसाव्या दिवशी.

या तीन आकड्यांमुळे मी हे प्रकरण लिहायला बसलो. मी म्हापशाला वकिली करतो आणि या प्रकरणात मार खाल्लेल्या मुलाचा वकील आहे, तेव्हा तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. घरच्यांची संमती घेऊन लिहितो आहे. मुलगा, गाव, ठाणं, आरोग्य केंद्र, अधिकारी, कोणाचीच ओळख पटू नये एवढी काळजी घेतली आहे. दिवस मात्र नीट मोजले आहेत. जत्रेनंतरची पहाट हा पहिला दिवस.

जत्रेची रात्र

उत्तर गोव्यातलं एक गाव. देवीची जत्रा, दशावतारी नाटक उभं राहायची वेळ, खाजाच्या दुकानांपुढे गर्दी. बावीस वर्षांचा मुलगा, औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला. मित्राची मोटारसायकल रस्त्याच्या कडेला लावण्यावरून बंदोबस्तावरच्या पोलिसांशी त्याची बाचाबाची झाली. तो बिअर प्यालेला होता आणि त्याने शिवी दिली. हे मी लपवत नाही, त्यानेही कधी लपवलं नाही. ते पोलीस सकाळपासून पायांवर उभे होते, हेही खरं आहे.

दोघांना जीपमध्ये घालून ठाण्यावर नेलं. मित्राला बाहेरच्या बाकावर बसवलं, याला आत. मुलाच्या सांगण्याप्रमाणे डाव्या कानाखाली उघड्या हाताने तीन-चार फटके, मग मांड्यांवर आणि तळव्यांवर दांडा. पहाटे पाचच्या सुमारास वडिलांना बोलावून एका कोऱ्या फुलस्केपवर 'पुन्हा असं करणार नाही' असं लिहून घेतलं आणि सोडून दिलं.

अटकेचा पंचनामा केला नाही. लॉकअपच्या नोंदवहीत नाव घातलं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ प्रमाणे अटकेचं कारण सांगायचं, कलम ४८ प्रमाणे नातेवाइकांना कळवायचं, कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करायची, हे सगळं अटक दाखवली तरच लागू होतं. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घालून दिलेले नियमही अटकेपासूनच सुरू होतात : साक्षीदाराच्या सहीचा अटक-मेमो, अंगावरच्या जखमांची दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी नोंद, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी. कागदावर हा मुलगा ठाण्यात आलाच नव्हता, त्यामुळे एकाही नियमाचा भंग झाला नव्हता. पुढच्या सगळ्या अडथळ्यांचा पाया त्या पहाटे, कुणी तक्रार करायच्याही आधी, घातला गेला.

कागद आधी, दुखणं मागून

पहिल्या दिवशी आई त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेली. पोलिसांनी मारलं म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही पोलीस केस आहे, ठाण्यातून पत्र आणा. ज्या ठाण्यात मार खाल्ला त्याच ठाण्याचं पत्र! प्रत्यक्षात अशा पत्राची वाट पाहायची डॉक्टरांना काही गरज नसते, वैद्यकीय-कायदेशीर नोंद ते स्वतः करू शकतात. पण ते तरुण होते, त्यांना रोज त्याच पोलिसांबरोबर काम करायचं होतं. केसपेपरवर 'पडल्यामुळे दुखापत' असं आलं. आईला इंग्रजी वाचता येत नाही.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. तिचं पहिलं वाक्य मारहाणीबद्दल नव्हतंच. "वकीलबाब, त्याला डाव्या बाजूने हाक मारली तर तो बघत नाही," एवढंच म्हणाली आणि गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बांबोळीला, गोमेकॉत म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात गेलो. कान-नाक-घसा विभागात तपासलं : डाव्या पडद्याला छिद्र, कडा फाटलेल्या, कडेला सुकलेलं रक्त. मांडीवर समांतर दोन लाल-निळ्या रेघा आणि मध्ये फिकट पट्टा. दांडा किंवा लाठी बसली की नेमकी अशी खूण उमटते, कारण दाबामुळे रक्त दोन्ही कडांना सरकतं. पडून अशी खूण होत नाही. मी शेजारी फूटपट्टी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढले. हे मी शहाणपणाने केलं असं नाही. अशा एका जुन्या प्रकरणात फोटो न काढल्याने हात चोळत बसलो होतो, म्हणून केलं.

मुका मार आधी लाल असतो, मग निळा, चार-पाच दिवसांनी हिरवट, आठवडाभराने पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत कातडी पूर्ववत होते. कानाच्या पडद्याचं असं छिद्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतं. रोग्यासाठी ही चांगली बातमी आहे. पण या मुदती पोलिसांना माझ्याइतक्याच ठाऊक असतात.

तक्रार आणि उलटी तक्रार

तिसऱ्या दिवशी अधीक्षकांकडे तक्रार दिली. प्रती पोलीस महासंचालक, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवाधिकार आयोगाला. सोबत एक वेगळं, एका पानाचं पत्र : अमुक तारखेच्या रात्री दहा ते पहाटे सहापर्यंतचं सर्व कॅमेऱ्यांचं चित्रीकरण, स्टेशन डायरी, जीपची लॉगबुक आणि बंदोबस्ताची ड्युटी-यादी जपून ठेवावी. ते पत्र तक्रारीत मिसळलं नाही, कारण तक्रार फाइलमध्ये जाते आणि फाइल टेबलावर थांबते. अधीक्षक कार्यालयात आवक शिक्का मिळाला. ठाण्यात मिळाला नाही, साहेब बाहेर आहेत म्हणाले. म्हणून तिथे स्पीड पोस्टने पाठवलं.

चौथ्या दिवशी ठाण्याने मुलाविरुद्धच एफआयआर नोंदवला. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, सरकारी कर्मचाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला. घटना जत्रेच्या रात्रीची.

ठाण्यातले गुन्हे वर्षभर एकापुढे एक क्रमांकाने नोंदले जातात. या एफआयआरच्या आधीचा क्रमांक एका दुचाकी चोरीचा होता आणि ती चोरी जत्रेनंतर दोन दिवसांनी झालेली होती. म्हणजे शनिवारी रात्री पोलिसावर हल्ला झाला, हल्लेखोर ठाण्यात हजर होता, त्याच्याकडून माफी लिहून घेऊन त्याला घरी सोडलं, आणि गुन्हा नोंदवावा असं बुधवारी, आमची तक्रार पोचल्यावर सुचलं. हा क्रम आमच्या बाजूचा सगळ्यात बोलका कागद ठरला. तो आम्हाला सहज मिळाला, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशापासून एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात.

पण त्या एफआयआरने आपलं काम केलं. मुलगा आरोपी झाला. कंत्राटदाराने कामावरून काढलं. मित्राच्या वडिलांनी मुलाला साक्षीपासून लांब राहायला सांगितलं, आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही. गावातली चार मोठी माणसं घरी येऊन बसली, तुम्ही तुमची मागे घ्या, ते त्यांची मागे घेतील. आई तेव्हा चहा करायला उठली ती, ती माणसं वाट बघून कंटाळून निघून जाईपर्यंत चुलीपाशीच थांबली.

चौकशी

नवव्या दिवशी प्राथमिक चौकशी नेमली. चौकशी अधिकारी म्हणजे त्याच उपविभागाचे पोलीस अधिकारी, ज्यांच्या हाताखाली ते ठाणं येतं. ठाण्याचं काम चांगलं चाललंय की नाही याची जबाबदारी त्यांची. ठाण्यात मारहाण झाली असं त्यांनी लिहिलं असतं तर ते स्वतःच्या देखरेखीवरचंही मत झालं असतं. मी त्या गृहस्थांना ओळखतो, ते सरळ माणूस आहेत. म्हणूनच सांगतो, कोणत्याही सरळ माणसाला त्या खुर्चीत बसवू नये.

मुलाला जबाबासाठी बोलावलं ते त्याच ठाण्यात. आम्ही गेलो. दारात तो थांबला, आत पाऊल टाकेना. मी हात धरला तर हात गार पडला होता. जबाब दुसरीकडे घ्यावा असा अर्ज दिला. त्यावर निर्णय यायला अकरा दिवस लागले. शेवटी तेविसाव्या दिवशी उपविभागीय कार्यालयात जबाब झाला, आणि त्याखाली एक ओळ लिहिली गेली : 'तक्रारदाराच्या अंगावर सध्या मारहाणीचे कोणतेही व्रण दिसून येत नाहीत.' ती ओळ खरी होती. तेविसाव्या दिवशी कुणाच्याच अंगावर दिसत नाहीत.

मग तेहतिसावा दिवस.

चित्रीकरणाबद्दल ठाण्याचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. आतल्या मार्गिकेचा कॅमेरा त्या काळात नादुरुस्त होता. बाकीच्यांचं चित्रीकरण तीस दिवसांनी आपोआप पुसलं जात असल्याने आता उपलब्ध नाही.

परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की ठाण्याचं प्रवेशद्वार, लॉकअप, मार्गिका, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, मागची बाजू, सगळीकडे कॅमेरे हवेत. आवाजही टिपला गेला पाहिजे, रात्री दिसलं पाहिजे. चित्रीकरण अठरा महिने टिकलं पाहिजे, तशी यंत्रणा बाजारात मिळतच नसेल तर निदान एक वर्ष. कॅमेरा बिघडला तर जिल्हा देखरेख समितीला कळवण्याची जबाबदारी ठाणेप्रमुखाची. तीस दिवसांत पुसणारी यंत्रणा हाच त्या आदेशाचा भंग आहे. मार्गिकेचा कॅमेरा बिघडल्याचं समितीला कळवलेलं पत्र आम्ही मागितलं. ते आजवर मिळालेलं नाही.

इथे मला तामिळनाडूतलं साथानकुलम आठवतं. जून २०२० मध्ये तिथे जयराज आणि बेनिक्स या बापलेकांना टाळेबंदीत दुकान उघडं ठेवल्याच्या आरोपावरून उचललं, आणि काही दिवसांत दोघांचाही कोठडीत मृत्यू झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने न्यायदंडाधिकारी एम. एस. भारतीदासन यांना ठाण्यात पाठवलं. त्यांनी न्यायालयाला कळवलं की ठाण्यात एक टेराबाइटची डिस्क आहे, जागा मुबलक आहे, पण यंत्रणा रोजच्या रोज चित्रीकरण पुसेल अशी लावून ठेवलेली आहे, त्यामुळे त्या रात्रीचं काहीच उरलेलं नाही. लाठ्या द्यायला पोलिसांनी टाळाटाळ केली. एका शिपायाने खुद्द न्यायदंडाधिकाऱ्यांना उद्देशून अपशब्द वापरले. त्याच ठाण्यातल्या रेवती या महिला हवालदाराने घाबरत घाबरत का होईना, रात्रभर मारहाण झाल्याचं सांगितलं. खंडपीठाने मग ठाणं महसूल अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्यायला लावलं. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने नऊ पोलिसांवर आरोपपत्र ठेवलं.

तिथे दोन माणसं मेली होती आणि देश बघत होता. कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानेच सुरू होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७६ (१अ) होतं, आता नव्या संहितेचं १९६. मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं, शवचिकित्सेचं चित्रीकरण करावं लागतं. २०११ च्या जानेवारीत पणजीत सिप्रियानो फर्नांडिस यांचा कोठडीनंतर मृत्यू झाला तेव्हा गोव्यातही लोक हलले होते. फुटलेल्या कानासाठी यातलं काहीच आपोआप सुरू होत नाही. तो पूर्णपणे खात्याच्या स्वतःच्या चौकशीवर सोडलेला असतो, आणि गोव्यातल्या ठाण्यांतून मार खाऊन घरी येणारी बहुसंख्य माणसं, माझ्या अनुभवात, जिवंतच घरी येतात.

आमच्याकडेही एक रेवती होती. बंदोबस्तावर असलेला एक होमगार्ड रेशनच्या दुकानात आईला भेटला आणि म्हणाला, मावशी, मी आवाज ऐकला, मी मध्ये पडायला हवं होतं. जबाब देशील का विचारल्यावर त्याने मान खाली घातली. होमगार्डला दिवसाच्या हिशेबाने भत्ता मिळतो आणि ड्युटी लावायची की नाही हे कोण ठरवतं हे त्यालाही माहीत आहे. आई त्याच्यावर रागावलेली नाही. मी काही दिवस रागावलो होतो.

माहिती अधिकारात स्टेशन डायरीची प्रत मागितली तर कलम ८ (१) (ज) दाखवून नाकारली : माहिती दिल्यास चौकशीत अडथळा येईल. ज्यांच्याविरुद्ध चौकशी होती ते स्वतः ती डायरी रोज हाताळत होते, अडथळा मात्र आमच्या हातात प्रत दिल्याने येणार होता. चौकशी चालू आहे एवढंच कारण पुरत नाही, माहिती दिल्याने ती कशी बिघडेल हे दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगत सिंग प्रकरणात म्हटलेलं आहे. ते अपिलात मांडलं. डायरी मिळाली तोवर चौकशी संपली होती. त्या रात्रीच्या नोंदीत जीप निघाल्याची वेळ आहे आणि परतल्याची वेळ आहे. जीपमध्ये कोण होतं याबद्दल काही नाही.

चौऱ्याण्णवाव्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी कानाबद्दल वैद्यकीय मत मागवलं. मत आलं : पडदा शाबूत.

पाचव्या महिन्यात निष्कर्ष कळवला गेला. अहवालाची प्रत नव्हे, फक्त दोन ओळींचं पत्र. स्वतंत्र साक्षीदार नाही, चित्रीकरण उपलब्ध नाही, व्रण आढळले नाहीत, सबब आरोप सिद्ध होत नाही. चौकशीची मूळ फाइल आम्हाला पुढे प्राधिकरणासमोर बघायला मिळाली, आणि मागणीपत्रावरचा तेहतिसाव्या दिवसाचा शिक्का तिथे दिसला. तिसऱ्या दिवशीचं आमचं पत्रही त्याच फाइलमध्ये होतं, व्यवस्थित भोक पाडून लावलेलं. त्यावर कुणीही एक शब्द लिहिलेला नव्हता.

ती फाइल चाळताना मला कळलं की इथे कुणी पुरावा जाळला नाही, फाडला नाही. तसं केलं असतं तर तो गुन्हा ठरला असता आणि सापडलाही असता. इथे फक्त प्रत्येक गोष्ट तिचं आयुष्य संपेपर्यंत थांबवली गेली. व्रणांना चौदा दिवस, जबाब तेविसाव्या दिवशी. चित्रीकरणाला तीस, मागणी तेहतिसाव्या दिवशी. कानाच्या पडद्याला तीन महिने, मत चौऱ्याण्णवाव्या दिवशी. कुणी हे ठरवून केलं असं मी सिद्ध करू शकत नाही. तीनदा तसंच घडलं, एवढं मात्र दाखवू शकतो.

न्यायालयाचं दार

आम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेलो. नव्या संहितेने इथे एक पायरी वाढवली आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी सेवकाविरुद्ध तपासाचा आदेश द्यायचा असेल तर कलम १७५ (४) प्रमाणे आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल बघावा लागतो आणि त्याचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. खासगी तक्रारीची दखल घ्यायची तरी कलम २२३ (२) मध्ये तेच. वरिष्ठाचा अहवाल मागवला गेला. आला तो त्याच उपविभागीय अधिकाऱ्यांचा, तोच निष्कर्ष, तीच वाक्यं. खात्याची आतली चौकशी खात्यातच राहत नाही, ती न्यायालयाच्या दारातही पहिली उभी असते. म्हणून ती कशी झाली, कोणी केली, किती दिवसांनी केली, याला एवढं महत्त्व.

चांगला म्हणावा असा एक बदलही आहे. खटल्याच्या मंजुरीवर सरकार पूर्वी वर्षानुवर्षं बसून राहायचं. आता कलम २१८ प्रमाणे १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. आम्ही अजून त्या पायरीपर्यंत पोचलेलो नाही.

अशा प्रकरणात येणाऱ्यांना मी आता जे सांगतो ते थोडक्यात. आधी मोठं इस्पितळ, मग वकील. डॉक्टरांना 'पोलिसांनी मारलं' हे शब्द लिहायला सांगा आणि लिहिलेलं वाचून घ्या. चित्रीकरण जपण्याचं पत्र वेगळं आणि त्याच दिवशी, आणि ते ठाण्यापुरतं ठेवू नका : गंभीर इजा झाली असेल तर मानवाधिकार आयोग ते चित्रीकरण लगेच आपल्या ताब्यात मागवू शकतो, असं परमवीर सिंग निकालातच आहे. आम्ही आयोगाला प्रत पाठवली, पण चित्रीकरण ताब्यात घ्या अशी वेगळी विनंती केली नाही. ती माझी चूक, आणि या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक तीच असावी. खात्याची चौकशी संपेपर्यंत थांबा, असं कुणी सांगितलं तर थांबू नका. घटनेला एक वर्ष उलटलं की मानवाधिकार आयोगाला त्यात हात घालता येत नाही.

मुलाला आता दोन्ही कानांनी ऐकू येतं. दुसरीकडे काम मिळालं आहे, पगार कमी आहे. त्याच्यावरचा खटला उभा आहे, त्यात तो तारखांना जातो. यंदा जत्रेला गेला नाही, त्या रात्री घरातच होता. आईने देवळात जाऊन ओटी भरली आणि नाटक सुरू व्हायच्या आत परत आली.

गेल्या तारखेला आम्ही एक अर्ज दिला. चित्रीकरण गेलं असेल, पण ते साठवणाऱ्या यंत्राची स्वतःची एक नोंद असते : कोणता कॅमेरा कधी बंद पडला, कधी चालू झाला, साठवणुकीचे दिवस कोणी आणि कधी बदलले. ते यंत्र न्यायालयात हजर करावं, निदान ती नोंद छापून आणावी, अशी मागणी आहे. सरकारी वकिलांनी उत्तरासाठी मुदत मागितली. दंडाधिकाऱ्यांनी मुदत दिली, पण आदेशात आधी एक वाक्य घातलं : तोवर त्या यंत्राला कोणीही हात लावू नये. तो आदेश मी स्वतः ठाण्यात नेऊन दिला. या वेळी माझ्या प्रतीवर शिक्का मिळाला, तारखेसह आणि वेळेसह.